धूर सुटला, धाप राहिली

व्यसन सुटले असे मनास वाटावे आणि नेमक्या त्याच सुमारास श्वासाने तक्रार सुरू करावी, ही मोठी बुचकळ्यात टाकणारी अवस्था आहे. वीस-पंचवीस वर्षे सिगारेट ओढणारा मनुष्य घरच्यांच्या आग्रहास्तव ती बाजूला ठेवतो. तिच्या जागी पेनासारखे दिसणारे, बॅटरीवर चालणारे, फळांच्या वासाची वाफ देणारे उपकरण हाती घेतो. बोटांचा पिवळेपणा जातो, कपड्यांचा वास जातो, घरात समाधान पसरते. काही आठवड्यांनी मात्र दुकानाच्या माडीवर चढताना धाप लागते, छाती आवळल्यासारखी होते, कोरडा खोकला रात्री झोपू देत नाही. अशा वेळी मनात दोन विचार येतात. एक, ‘छाती साफ होत आहे, आपोआप थांबेल.’ दुसरा, ‘यापेक्षा सिगारेटच बरी होती.’ पहिला विचार वैद्यांकडे जाणे लांबवतो आणि दुसरा पुन्हा आगीकडे नेतो. म्हणून दोहोंची नीट पारख होणे आवश्यक आहे.

प्रथम या वाफेचे स्वरूप पाहू. ही पाण्याची वाफ नव्हे. उपकरणातील तारेची गुंडाळी बॅटरीने तापते आणि तिच्याभोवतीचा द्रव अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपाने फुप्फुसात जातो. त्या द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि सुगंधी द्रव्ये असतात. तंबाखू जळत नसल्याने डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड टळतात, हे खरे. परंतु प्रोपिलीन ग्लायकॉल ओलावा शोषून घेते, त्यामुळे घसा व श्वासनलिका कोरड्या पडतात. द्रव अधिक तापला तर फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलिन यांसारखी दाहक द्रव्ये तयार होतात. सुगंधाचेही तसेच. पदार्थात घालून खाण्यास जे निर्धोक, ते श्वासातून घेण्यास निर्धोक असेलच असे नाही. सन २००० मध्ये अमेरिकेच्या मिसूरी राज्यातील मक्याच्या लाह्यांच्या एका कारखान्यातील आठ माजी कामगारांच्या लहान श्वासनलिका कायमच्या आकुंचित झाल्याचे आढळले. लोण्याचा वास देणारे डायअ‍ॅसिटिल हे द्रव्य त्यामागे असल्याचे तपासात दिसून आले. तेच द्रव्य पुढे वाफेच्या काही द्रवांतही सापडले. वाफेमुळे सर्वांना तोच रोग होतो असा याचा अर्थ नव्हे. पोटाची परीक्षा उत्तीर्ण झालेले द्रव्य फुप्फुसाची परीक्षा उत्तीर्ण झालेले नसते, एवढाच बोध येथे घ्यावयाचा आहे.

दुसरे कारण मोजमापाचे. सिगारेट संपते आणि पाकिटातील नगही मोजता येतात. या उपकरणाला मात्र शेवट नाही. हिशेब लिहिताना, फोनवर भाव विचारताना, गादीवर बसल्या बसल्या झुरके चालूच राहतात. नव्या द्रवांत निकोटिन क्षाराच्या रूपात असते. ते घशाला फारसे टोचत नाही, म्हणून झुरका खोल आणि लांब घेतला जातो. सिगारेट सोडून वाफेवर आलेला मनुष्य दिवसभरात किती निकोटिन घेतो, याचा ताळा त्याला स्वतःलाही लावता येत नाही. कित्येकांची सिगारेटही पूर्णपणे सुटलेली नसते. घरी वाफ आणि बाहेर सिगारेट असा दुहेरी व्यवहार सुरू राहतो आणि दोहोंचा भार छातीवर पडतो.

आता ‘छाती साफ होत आहे’ या समजुतीकडे वळू. तिच्यात सत्याचा अंश आहे. श्वासनलिकांच्या आतील सूक्ष्म केसांसारखे तंतू धुरामुळे निष्क्रिय झालेले असतात. धूम्रपान थांबल्यावर ते पुन्हा हलू लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात, म्हणून काही आठवडे खोकला वाढू शकतो. परंतु हा खोकला दिवसेंदिवस उतरणीला लागतो आणि श्वास मोकळा होत जातो. ज्याला धाप वाढत आहे, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत आहे, पूर्वी सहज जमणारे चालणे जमेनासे झाले आहे, त्याची अवस्था ‘सफाई’ची नाही. अनेकदा सिगारेटने वर्षानुवर्षे केलेली हानी, म्हणजे सीओपीडी हा दीर्घ श्वसनरोग, आधीपासूनच आत दडलेला असतो आणि नव्या दाहामुळे तो प्रथमच जाणवतो. धाप लागण्याचे मूळ कधी हृदयातही असते. त्यामुळे ‘सिगारेट होती तेव्हा काही नव्हते’ हे विधान बहुधा खरे नसते. तेव्हाही ते होते, पण दिसले नव्हते.

अकोटच्या व्यापारी कुटुंबांनी या प्रश्नात आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. सातपुड्याच्या पायथ्याचा हा तालुका कापसाचा. हंगाम सुरू झाला की जिनिंगच्या आवारात, सरकीच्या ढिगांजवळ आणि गाठींच्या गोदामात रुईचे बारीक तंतू व धूळ हवेत तरंगत असते. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या विकाराचा समावेश शासनाला कळविणे बंधनकारक असलेल्या व्यावसायिक रोगांच्या सूचीत आहे. सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे हे त्याचे ओळखीचे लक्षण. ज्याचा दिवस अशा आवारात जातो, त्याच्या श्वासनलिका आधीच चिडलेल्या असतात. त्यांवर वाफेचा मारा झाला तर त्रास लवकर वाढू शकतो. म्हणून डॉक्टरांना केवळ व्यसनच नव्हे, तर धंद्याची जागाही सांगावी. हीच काळजी जिनिंगमधील हमाल व कामगार यांच्या बाबतीतही घ्यावी. त्यांना तोंडावर बांधण्यास चांगली मुखपट्टी देणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

वाफेच्या बाजूने बोलणारे इंग्लंडचा दाखला देतात, आणि तो प्रामाणिकपणे पाहिला पाहिजे. तेथे सिगारेट सोडण्याचे साधन म्हणून या उपकरणास वैद्यकीय वर्तुळात काही स्थान आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील एका चाचणीत ८८६ धूम्रपानी सहभागी झाले होते. वर्षभरानंतर वाफेच्या गटातील १८ टक्के लोक सिगारेटमुक्त राहिले. निकोटिनचे गम, पट्ट्या इत्यादी वापरणाऱ्या गटात हे प्रमाण ९.९ टक्के होते. मात्र त्याच चाचणीतील दुसरा आकडा क्वचितच सांगितला जातो. सिगारेट सुटलेल्यांपैकी वाफेच्या गटातील ८० टक्के लोक वर्षानंतरही वाफ घेतच होते. दुसऱ्या गटात गम-पट्ट्यांवर राहिलेले केवळ ९ टक्के होते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर कर्ज एका सावकाराकडून उचलून दुसऱ्याकडे नेले, व्याजाचा दर उतरला, पण मुद्दल जागच्या जागी राहिले. शिवाय तेथे द्रवातील निकोटिन दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे असा कायदा आहे आणि मालाची नोंदणी होते. आपल्याकडे चोरट्या वाटेने येणाऱ्या डबीत काय भरले आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. इंग्लंडचा निष्कर्ष त्या मालाला लावता येत नाही.

अज्ञात माल किती महाग पडू शकतो, हे अमेरिकेने २०१९ मध्ये पाहिले. जुलै महिन्यात विस्कॉन्सिन राज्यातील एका बालरुग्णालयाने फुप्फुसांना गंभीर इजा झालेल्या आठ किशोरवयीन रुग्णांची माहिती जाहीर केली. लक्षणे न्यूमोनियासारखी होती. धाप, खोकला, ताप, उलट्या. सर्वांमधील समान धागा वाफेचे उपकरण हा होता. १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत त्या देशात अशा रुग्णांची संख्या २,८०७ झाली आणि त्यांपैकी ६८ जण दगावले. बहुतेकांनी गांजातील अमली द्रव्य असलेला, बाजारात चोरून मिळणारा द्रव वापरला होता, आणि त्यात घट्टपणासाठी मिसळलेले व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट हे प्रमुख कारण ठरले. येथे ध्यानी घेण्यासारखी गोष्ट अशी, की रुग्णांनी आणि त्यांच्या आप्तांनी आपण काय ओढले हे सांगितले, उरलेल्या डब्या तपासणीस दिल्या, तेव्हाच कारण सापडले. जोवर कोणी बोलत नव्हते, तोवर उपचार अंधारात चालले होते.

आणि आपल्याकडील खरी अडचण हीच आहे. भारतात १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेशाने आणि डिसेंबर २०१९ मध्ये अधिनियमाने इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात आणि साठवण यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसता साठा केला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. किराणा, जनरल स्टोअर्स किंवा मोबाइलच्या दुकानात एखादा फिरता विक्रेता ‘मार्जिन चांगले आहे’ म्हणून हा माल ठेवण्यास सांगू लागला, तर पिढ्यांनी कमावलेली पत पणाला लागते, हे तरुण भागीदारांना स्पष्टपणे सांगून ठेवावे.

परंतु याच बंदीमुळे वापरणारा अधिक लपवू लागतो. एकीकडे कायद्याचे भय, दुसरीकडे समाजात काय म्हणतील ही लाज. डॉक्टरांनी विचारले, ‘सिगारेट ओढता का?’ तर तो ‘सोडली’ असे उत्तर देतो. ते उत्तर शब्दशः खरे असते, पण अर्थाने अपुरे असते. मग दमा समजून पंप दिला जातो, खोकल्याचे औषध बदलले जाते, आणि दाह करणारे उपकरण मात्र खिशातच राहते. दवाखाना ही पोलीस चौकी नव्हे. रुग्णाची गोष्ट गुप्त राखणे हा वैद्यकीय व्यवसायाचा धर्म आहे. तेथे पूर्ण सत्य सांगण्यात अप्रतिष्ठा नाही.

मग करावे काय? धाप लागत असेल तर वाफ त्याच दिवशी थांबवावी, पण सिगारेटकडे परतू नये. छातीच्या डॉक्टरांकडून तपासणी, एक्स-रे आणि स्पायरोमेट्री करून घ्यावी. स्पायरोमेट्रीत नळीत जोराने फुंकावयाचे असते, वेदना नसते, आणि श्वासनलिका किती अरुंद झाल्या आहेत हे आकड्यांत कळते. अकोटहून अकोल्यास जाऊन यावयास एक दिवस पुरतो. बसल्या जागी धाप लागणे, ओठ निळसर पडणे, छातीत कळ येणे, खोकल्यातून रक्त पडणे किंवा ऑक्सिमीटरवरील आकडा ९४ च्या खाली जाणे, यांपैकी काहीही झाल्यास उद्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. १०८ वर रुग्णवाहिका मिळते.

निकोटिनची ओढ ही इच्छाशक्तीची उणीव नसून मेंदूला लागलेली सवय आहे, आणि तिच्यावर उपचार आहेत. औषधाच्या दुकानात निकोटिनचे गम मिळते. ते पानासारखे सतत चावावयाचे नसते. हळूहळू चावून, चव आली की गालात धरून ठेवावयाचे असते. काही गोळ्याही डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात. शासनाच्या १८००-११-२३५६ या क्रमांकावर व्यसन सोडण्यासाठी विनामूल्य सल्ला मिळतो. फुप्फुसाची जी शक्ती गेली, ती सारी परत येत नाही. परंतु धूम्रपान सुटल्यावर तिची वेगाने होणारी गळती मंदावते आणि व्यसन नसलेल्या माणसाच्या गतीवर येते. पन्नाशीत सोडणाऱ्यालाही हा लाभ मिळतो.

आपल्या घरांत नियम घेण्याची रीत आहे. नियम मुदतीने घेतला जातो. आज एका दिवसाचा, मग आठ दिवसांचा, मग चातुर्मासाचा. व्यसन सोडतानाही डॉक्टर नेमका दिवस ठरवावयास सांगतात आणि एकेक दिवस पार पाडावयास सांगतात. जो मनुष्य सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाचा नियम वर्षानुवर्षे पाळतो, त्याच्या अंगी संयमाची सवय आधीपासून असते. तिला औषधाची आणि घरच्यांच्या धीराची जोड हवी.

घरच्यांचा वाटा येथेच आहे. वडिलांच्या अथवा मुलाच्या खिशात असे उपकरण सापडले, तर त्या क्षणी काय बोलले जाते, यावर पुढचे सारे अवलंबून असते. चारचौघांत अपमान झाला तर उपकरण नाहीसे होत नाही, फक्त अधिक खोल लपविले जाते. ‘तुम्हाला धाप लागते, ती आम्हाला दिसते, उद्या आपण दोघे अकोल्यास जाऊ’ एवढे एक वाक्य पुरेसे आहे. आणि डॉक्टरांसमोर ते उपकरण व डबी दोन्ही काढून ठेवावीत.