फायटर घ्यावा की गप्पी?

आमच्या धाकटीने रमजानभर एकच हट्ट धरला होता. ईदी जमली की मासे आणायचे. ईदच्या तिसऱ्या दिवशी पैशांची डबी घेऊन ती दारात तयार. दुकानात गेल्यावर मात्र तिचं मन दोन ठिकाणी अडकलं. एका लहानशा बरणीत निळाशार फायटर एकटाच फिरत होता आणि शेजारच्या मोठ्या टाकीत रंगीत शेपट्यांच्या गप्पींची झुंड होती. कोणता घ्यावा, असं आम्ही दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "दोन्ही न्या ना सर, एकाच टाकीत राहतात."

आम्ही दोन्ही आणले. चौथ्या दिवशी फजरच्या नमाजनंतर दिवा लावला, तर दोन गप्पी तळाशी मरून पडलेले आणि तिसऱ्याची शेपटी कात्रीने कातरल्यासारखी. धाकटी रडली. रडणं थांबल्यावर तिने विचारलं, "अब्बू, याचा गुनाह कुणाला?" दुकानदाराकडे बोट दाखवून मोकळं होता आलं असतं, पण जीव घरात आणला होता आम्ही. इतकी वर्षं मुलांना 'आधी वाचा, मग लिहा' सांगणाऱ्या माणसाने मासे आणण्याआधी चार ओळी वाचल्या नव्हत्या.

मुलांनी प्राणी पाळावेत की नाही, असा प्रश्न काही घरांत निघतो. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्याकडे एक लहानसा पक्षी होता. तो मेला आणि मूल हिरमुसलं, तेव्हा अल्लाहचे प्रेषित (स.) त्या पक्ष्याचं नाव काढून त्याची प्रेमाने विचारपूस करत. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे, आणि लहान मुलाने पक्षी पाळायला हरकत नाही, असं उलेमा तिच्यावरून सांगतात. पण मांजर बांधून ठेवणारी, तिला खायला न देणारी आणि स्वतःचं स्वतः शोधून खायलाही न सोडणारी बाई शिक्षेला पात्र ठरली, हेही हदीसमध्येच आहे. मासा तर त्या मांजरीहून लाचार. मांजर निदान ओरडते. काचेत ठेवलेल्या माशाचं पाणी, अन्न, ऊन, थंडी सगळं आपल्या हातात.

आता फायटरबद्दल. हा मूळचा थायलंडकडचा मासा. भातखाचरांतल्या उथळ, संथ पाण्यात राहतो. तिथे पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून त्याला कल्ल्यांच्या वर आणखी एक अवयव असतो आणि तो पृष्ठभागावर येऊन थेट हवेतून श्वास घेतो. याच गुणामुळे तो बरणीत जगतो, आणि याच गुणामुळे त्याचे हाल होतात. जगतो म्हणजे सुखी आहे, असं माणसं धरून चालतात. भातखाचर उथळ असतं, पण बरणीएवढं नसतं! एका फायटरला निदान 20 लिटरची टाकी हवी.

दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात. थायलंडमध्ये त्यांच्या झुंजी लावून पैजा मारण्याची जुनी रीत आहे. त्याच देशाने 2019 मध्ये या माशाला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. जनावरांना एकमेकांवर सोडून तमाशा पाहणं आपल्याकडे मना आहे, हे आपण जाणतो. पण बरणीसमोर आरसा धरून फायटरला 'फुलवणारी' मुलं आम्ही चांगल्या घरांत पाहिली आहेत. आपल्याच प्रतिबिंबाला शत्रू समजून तो दिवसभर फुगत राहतो. हीही झुंजच. गप्पीची लांब रंगीत शेपटी पाहूनही त्याचा तसाच समज होतो. आमच्या टाकीत नेमकं हेच झालं होतं.

या मारकुट्या माशाची दुसरी बाजू आमच्या दादीला फार आवडली. नर पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधतो. मादीने अंडी घातली की तीच अंडी खाऊन टाकायची भीती असते, म्हणून नर तिला हाकलतो, खाली पडलेली अंडी तोंडात धरून परत घरट्यात ठेवतो आणि पिल्लं पोहायला लागेपर्यंत पहारा देतो. नर एकटा असला तरी अधूनमधून असा फेस जमवतो. आम्ही तो घाण समजून दोनदा काढून टाकला होता. दादी म्हणाल्या, "बाप सांभाळतो पोरं? मग नाव वाईट पाडलंय बिचाऱ्याचं."

गप्पीची ओळख आपल्या जिल्ह्यात करून द्यायला नको. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' ही घोषणा गावागावांतल्या भिंतींवर आपण वाचली आहे. आरोग्य विभागाची माणसं हौदांत आणि वापरात नसलेल्या विहिरींत हेच मासे सोडतात, कारण ते डासांच्या अळ्या खातात. (मशिदीच्या हौजात मासे ठेवण्याची रीतही जुनीच. मुंबईच्या जुम्मा मशिदीच्या तलावात मासे आणि कासवं पाहत आमची धाकटी वुजू करायची विसरली होती.) वर्गात मुलं विचारतात की हा मासा गप्पा मारतो का. नावाचा गप्पांशी संबंध नाही. रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी नावाच्या गृहस्थाने 1866 मध्ये त्रिनिदाद बेटावरून हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले, त्याचं हे आडनाव. दुकानातले झुपकेदार शेपटीचे गप्पी याच जातीतून निवडून निवडून तयार केलेले.

गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते. साधारण महिन्याला एक वेत, एका वेळी वीस-तीस पिल्लं. आणि नराबरोबर एकदा राहिलेली मादी पुढे कित्येक महिने नराशिवायही पिल्लं देत राहते. दुकानातून आणलेली मादी बहुतेक वेळा गाभणीच असते. म्हणजे 'जोडी' आणली की चार-पाच महिन्यांत टाकी गच्च, पाणी खराब, आणि मग लोक उरलेले मासे सवाब समजून नदीत सोडतात. कृपा करून असं करू नका. गप्पी आपल्या मातीतला नाही. नळगंगा, पूर्णेसारख्या नद्यांत गेला तर तिथल्या लहान माशांची अंडी-पिल्लं खातो, त्यांची जागा बळकावतो. यावर उपाय सोपा आहे: फक्त नर आणा. नर लहान, रंगीत, लांब शेपटीचा. मादी मोठी, फिकी, पोटाच्या मागच्या बाजूला काळसर ठिपका असलेली. 40 लिटरच्या टाकीत पाच-सहा नर मजेत राहतात.

मग निवड कशी करायची? आमच्या जिल्ह्यात उत्तर घर कुठे आहे यावरून बदलतं. आम्ही घाटाखालचे. इथलं पाणी जड, आणि पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर खारट. गप्पीला क्षारांचं पाणी मानवतं. उलट आरओच्या कॅनचं पाणी 'स्वच्छ' म्हणून टाकीत ओतलं तर त्याला ते सोसत नाही, कारण त्यात क्षारच उरत नाहीत. फायटरला मऊ पाणी आवडतं, त्याच्यासाठी बोअरच्या पाण्यात अर्धं आरओचं मिसळलं तर चालतं. दोघांनाही 24 ते 28 अंशांचं पाणी बरं. घाटावर, बुलढाण्यात राहणाऱ्या आमच्या आपाकडे डिसेंबरात फायटर कोपऱ्यात निपचित बसायचा. तिथे लिटरमागे एक वॅट या हिशेबाने हीटर घ्यावाच लागतो. थंडी गप्पी थोडी जास्त सोसतो. घाटाखाली मे महिन्यात वेगळी चिंता. टाकीवर जाळी टाकून पाण्यावरून पंख्याचा वारा जाऊ द्यावा. बर्फाचा खडा टाकू नये, एकदम झालेला बदल माशाला मारतो. लोडशेडिंगमध्ये पंप बंद पडला तर फायटर वरची हवा घेऊन निभावतो, गप्पींची गर्दी असेल तर ते तडफडतात.

नळाचं पाणी थेट ओतायचं नाही. त्यात ब्लीचिंग असतं. उघड्या बादलीत एक दिवस ठेवावं, किंवा दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन वापरावं. आणि नवी टाकी भरली की त्याच दिवशी सगळे मासे सोडायचे नाहीत. माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वाढायला महिना-दीड महिना लागतो. तो स्पंज नळाखाली धुतला की ते जिवाणूही गेले. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात तो पिळावा.

दादींचा खरा आक्षेप पाण्यालाच होता. "आठ-आठ दिवसांनी नळ येतो, माणसांना पाणी नाही आणि मासोळ्यांचे लाड?" आम्हाला तो आक्षेप बरोबर वाटला, म्हणून हिशेब केला. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं. फायटरचे पाच लिटर, गप्पींचे दहा. काढलेलं पाणी मेंदीच्या झाडाला, झाडाला ते खतच. मग धाकटीने नळाखाली बादली ठेवून घरातल्या सगळ्यांचं वुजू मोजलं. नळ सुरू ठेवून केलेल्या एका वुजूचे पाच लिटर भरले. प्रेषित (स.) एका मुदमध्ये, म्हणजे लिटरहून कमी पाण्यात वुजू करत. आता आमच्या बेसिनपाशी तांब्या ठेवलेला आहे. दादींनी त्यानंतर पाण्यावरून काही म्हटलं नाही.

तर आमचं मत असं. लहान मुलांचं घर असेल, मासे पाहायला पाच तोंडं असतील आणि घर घाटाखाली असेल, तर गप्पी, फक्त नर. पाणी मोजकं असेल, टाकीला जागा थोडी असेल, किंवा घरात कुणी एकटं बसणारं माणूस असेल, तर एकच फायटर, 20 लिटरमध्ये. दोन्ही एकत्र कधीच नाही. आमचा फायटर आता दादींच्या खोलीत आहे. असरनंतर त्या खुर्ची ओढून बसतात, तोही काचेजवळ येतो. तो माणूस ओळखतो की दाण्यांची डबी, यावर घरात एकमत नाही. उरलेल्या गप्पींत आणखी तीन नर आणून ती टाकी बैठकीत ठेवली आहे. दोन्ही मासे दोन-तीन वर्षांचेच सोबती असतात, हे धाकटीला या वेळी आधीच सांगून ठेवलं.

सुट्टीत ननिहालला जाणार असाल तर एक करा. ठणठणीत मोठा मासा चार-पाच दिवस उपाशी राहिला तरी काही बिघडत नाही. शेजारच्या मुलाने मायेपोटी मूठभर दाणे टाकले तर मात्र पाणी सडतं. आम्ही एकेका दिवसाचे दोन-तीन दाणे कागदाच्या पुड्यांत बांधतो, वर वार लिहितो, आणि दाण्यांची डबी कपाटात ठेवून कुलूप लावतो.