पावणं, ऱ्हाऊ द्या की!

दिवाळीच्या सुट्टीत गोवा कॅन्सल करून आम्ही सायकली काढल्या. मी, बायको आणि 12 वर्षांची लेक. कोल्हापूर ते गारगोटी, एक मुक्काम आणि परत. ऑफिसात सगळे म्हणाले, वेडा झालास!

परतताना कळंबा तलावाजवळ लेकीची सायकल पंक्चर. दिवेलागणीची वेळ. पॅच होते, पण सोल्युशन वाळून खडक झालेलं. कोल्हापूर जवळच, पण पोरीचे पाय संपलेले.

एक बाईकवाला थांबला. "पंक्चर झालंय व्हय, पावणं?"

"नाही, नाही, मॅनेज करतो," मी सवयीनं म्हणालो. ऑफिसात दिवसभर हेच तर बोलतो!

त्यानं ऐकलंच नाही. चाक खोललं आणि घेऊन गेला. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी रस्त्याकडे. तेवढ्यात शेजारच्या घरातल्या काकूंनी लेकीसाठी दूध आणलं. 'अनोळखी माणसाकडून काही घ्यायचं नाही' हा आमचाच नियम. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

अर्ध्या तासात चाक हजर. मी पाकीट काढलं.

"ऱ्हाऊ द्या की! पुण्याला आलो तर पाणी पाजा."

1923 मध्ये मुंबईहून सहा तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. तिघांनी तो 1928 मध्ये पूर्ण केला. ना मोबाइल, ना जीपीएस. त्यांचं कसं निभावलं असेल, ते मला कळंब्यात कळलं.

परवा सोसायटीच्या गेटवर एक डिलिव्हरीवाला पंक्चर सायकल ढकलत होता. मी सवयीनं लिफ्टकडे वळलो. मागे पाहतो तर लेक पाण्याची बाटली घेऊन त्याच्याकडे पोचलीसुद्धा!