आमच्यामागे याचं कसं?

नरकचतुर्दशीच्या पहाटे आईने मुलाला तेल लावावे, यात नवल ते कसले? पण मुलगा त्रेचाळीस वर्षांचा आणि आईने सत्तरी ओलांडलेली, अशीही घरे आहेत. साताऱ्यातले एक घर आमच्या परिचयाचे. वडील पेन्शनर. मुलाची समज सहा-सात वर्षांच्या पोराइतकी. पण पाणी भरावे, दळण आणावे ते त्यानेच. धाकटी बहीण सांगलीला दिलेली.

'आमच्यामागे याचं कसं?' हा प्रश्न आईबाप शेजाऱ्यांना विचारतात, देवाला विचारतात; लेकीला मात्र विचारीत नाहीत. ती दादाला पाहील, हे त्यांनी धरूनच ठेवले आहे. लेकही विषय काढीत नाही; आईबापांच्या मरणाची गोष्ट तोंडाने कशी काढावी?

वाचकहो, हे मौन मायेपोटीच असते, पण महागात पडते. मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याने सज्ञान. मग त्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार आईबापांनाही आपोआप राहत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने यावर वाट काढली आहे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज केला, तर अशा मुलासाठी कायदेशीर पालक नेमून मिळतो. त्या पालकाला ६ महिन्यांत मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते, पुढे दरवर्षी हिशेब. त्याने हेळसांड केली, तर त्याला दूरही करता येते. कमावू न शकणाऱ्या अशा अपत्याला सरकारी पेन्शनरामागे हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद आहे. त्याचे कागद मात्र पेन्शनराने स्वतःच्या हाताने पुरे करून ठेवावेत. बदलापूरला तर अशा पालकांनीच एकत्र येऊन 'आधार' ही निवासी संस्था उभी केली. संस्थेत ठेवणे म्हणजे टाकून देणे नव्हे, हे तिथल्या आईबापांना कोणी शिकवावे लागले नाही.

तेव्हा भाऊबीजेला भावंडे एकत्र येतील, तेव्हा फराळ आटोपल्यावर हा विषय काढावाच. लेकीला, जावयाला स्पष्ट विचारावे. 'नाही' म्हणायची मोकळीकही द्यावी. सगळा भार नको, पण कागदपत्रे आणि औषधपाणी मी पाहीन, एवढे ती म्हणाली तरी पुष्कळ झाले. आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे, त्यालाही जवळ बसवून विचारावे. नुसते विचारूनही भागणार नाही. आईबाप धडधाकट आहेत तोवर त्याला आठ-पंधरा दिवस सांगलीला एकट्याने राहू द्यावे. तिथली गिरणी कुठे, नळाला पाणी किती वाजता येते, हे त्याला आताच ठाऊक झालेले बरे.