नल्लकुंट्याची पोथी

नल्लकुंट्याहून आमच्या अक्काचा फोन आला की पहिली पाच मिनिटं पाऊसपाण्यात जातात. गेल्या वर्षी आषाढात आलेल्या फोनवर मात्र ती थेट मुद्द्यावर आली. "वाचनाचा गट बंद करून टाकते रे मी आता. परवा सहाच नावं दिसत होती. त्यातली दोन माझीच, एक फोनवरची आणि एक टॅबवरची."

मी हसलो. ती हसली नाही.

नल्लकुंटा ही हैदराबादेतली फीव्हर हॉस्पिटल आणि शंकरमठाच्या आसपासची जुनी वस्ती. तेलुगूत नल्ल म्हणजे काळं आणि कुंट म्हणजे तळं. कन्नडात नल्ल म्हणजे प्रियकर. त्यामुळे अक्का लग्न होऊन तिथं गेली तेव्हा आमच्या घरच्या कन्नड मंडळींनी तिची भरपूर थट्टा केली होती. आता ती सत्तरीला आली. पूर्वी इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून पिशवी भरून पुस्तकं आणायची. गुडघ्यांनी ते बंद केलं. मग 2020 च्या टाळेबंदीत तिनं फोनवरच वाचनाचा गट काढला. महिन्याला एक जुनं, नावाजलेलं पुस्तक घरी वाचायचं आणि शेवटच्या शनिवारी झूमवर जमून त्यावर बोलायचं.

गटात चौतीस माणसं. बहुतेक नात्यातली, काही शेजारची. निजामाच्या हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते: आठ तेलंगणाचे, पाच मराठवाड्याचे, तीन कन्नड. 1956 च्या नोव्हेंबरात ते तीन राज्यांत वाटले गेले, आणि त्यांच्याबरोबर आमच्यासारखी घरंही. एक काका भालकीला, एक आत्या उदगीरला, अक्का हैदराबादेत, पुढची पिढी पुणे-बेंगळुरूला. लग्नकार्याशिवाय न भेटणारी ही माणसं अक्कानं महिन्यातून एकदा एका पडद्यावर आणली होती. म्हणून गट बंद होणं म्हणजे फक्त वाचन बंद होणं नव्हतं.

गट का मोडत आला, याची कारणं शोधताना मला फार लांब जावं लागलं नाही. पहिलं कारण मीच होतो.

मी मराठीचा प्राध्यापक, त्यामुळे दर महिन्याला प्रमुख वक्ता मी, हे न विचारताच ठरलेलं. झूमची फुकटची बैठक चाळीस मिनिटांची असते. माझं बोलणंही बरोबर चाळीस मिनिटांचं. मी "शेवटी एवढंच सांगतो" म्हणायला आणि पडदा काळा व्हायला एकच गाठ पडायची. दुवा तोच, पुन्हा आत येता येत असे, पण कुणी येत नसे. मला वाटायचं, विषय पूर्ण झाला म्हणून येत नसतील.

दुसरं कारण गटाची भूक. महिन्याला एक अख्खी कादंबरी, तीही शंभर वर्षांपूर्वीच्या भाषेतली. नोकरी करणाऱ्या सुनांना आणि मोतीबिंदूवाल्या काकांना ते कसं झेपावं? ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. कन्नडला तो 2008 सालीच मिळाला होता. त्या दिवशी गटात अभिनंदनाचे चाळीसेक संदेश आले. त्या महिन्याचं पुस्तक वाचून झालेले मात्र चौघंच.

तिसरं कारण मला त्या उन्हाळ्यात नल्लकुंट्यालाच कळलं होतं, पण त्याचा अर्थ अक्काच्या फोननंतर लागला. सुटीत चार दिवस अक्काकडे होतो. तिची धाकटी जाऊ खालच्या मजल्यावर राहते. माहेर बीदरकडचं, शाळा कन्नड माध्यमाची, मराठी बोलणं अगदी घरातल्यासारखं. गटाच्या प्रत्येक बैठकीला तिचं नाव असायचं, पण कॅमेरा बंद, आवाज बंद. मी सहज विचारलं, "वहिनी, तुम्ही कधी बोलत नाही ते?"

"वाचलं असलं तर बोलणार की," त्या म्हणाल्या. "तुमची अक्षरं मला हिंदीपुरती येतात. एकेक शब्द जुळवत दोन पानं होतात, तोवर तुमचं पुस्तक संपून दुसरं आलेलं असतंय. आणि वाचलं नाही म्हणून सांगायला लाज वाटते."

पाच वर्षं ही बाई दर महिन्याला वेळेवर येऊन बसत होती, आणि आमच्यापैकी कुणी तिला हा प्रश्न विचारला नव्हता. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत हीच स्थिती आहे. दोन्ही भाषा कानाला येतात, डोळ्याला एकच येते.

फोन ठेवल्यावर मला आमच्या आजीच्या घरची चातुर्मासातली पोथी आठवली. श्रीधरांचा पांडवप्रताप लागायचा. एकजण ओव्या वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा, बाकीचे वाती वळत ऐकायचे. रोज एक अध्याय, जास्त नाही. "तुम्ही घरून वाचून आलात का?" असं तिथं कुणी विचारत नसे. कन्नड घरांत हेच गमकात चालतं. एकजण कुमारव्यासाचं भारत रागात वाचतो, दुसरा त्याचं व्याख्यान करतो. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा बायकांनाही आख्खं भारत तोंडपाठ असायचं, ते अशा ऐकण्यातून. आम्ही नवं यंत्र घेतलं आणि ही जुनी पद्धत टाकून दिली. वाचन प्रत्येकाच्या माथी मारलं आणि एकत्र येऊन फक्त भाषण ऐकलं.

ऐकणं म्हणजे कमी दर्जाचं वाचन, असं कुणाला वाटत असेल तर उमा कुलकर्णींचं उदाहरण बघावं. त्यांचे पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून टेपवर ध्वनिमुद्रित करायचे आणि ते ऐकून त्या मराठीत उतरवायच्या. अशा कामातून भैरप्पा आणि कारंत मराठी घरांत पोचले. भैरप्पांच्या 'वंशवृक्ष'च्या अनुवादाला 1989 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. एका घरातल्या दोन माणसांनी कान आणि लेखणी वाटून घेतली, एवढंच.

मी अक्काला म्हटलं, "बंद करू नको. श्रावणापासून पोथी लावू."

"कसली पोथी?"

"हरिभाऊंची."

हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी निवडली, त्याला कारण होतं. ती पुस्तकरूपानं 1893 साली आली, पण त्याआधी 1890 पासून ती आपट्यांच्याच 'करमणूक' साप्ताहिकात तुकड्यातुकड्यानं येत होती. म्हणजे तिचे पहिले वाचक आठवडाभर थांबून पुढचा भाग वाचायचे. आम्ही ती महिन्यात संपवायला निघालो असतो, तर चूक आमची झाली असती. दुसरं कारण कायद्याचं. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी पुस्तक सर्वांसाठी मोकळं होतं. आपटे 1919 साली गेले, तेव्हा त्यांचं पुस्तक वाचून त्याचा आवाज गटात पाठवायला काहीच आडकाठी नाही. यापूर्वी आमच्यातले काहीजण हयात लेखकांच्या पुस्तकांचे फोटो काढून गटात टाकत असत. ते त्या दिवसापासून बंद केलं. ज्यांच्यावर प्रेम आहे म्हणतो, त्यांच्याच खिशात हात घालणं बरं नव्हे.

मग नवी घडी बसवली. आठवड्याला दहाएक पानं. ती घरातल्या एकानं मोठ्यानं वाचून, पंधरा मिनिटांच्या आत बसवून, मंगळवारपर्यंत गटात पाठवायची. वाचणारा दर आठवड्याला वेगळा. पंखा बंद करायचा, जवळ पाण्याचा पेला ठेवायचा आणि सुरुवातीला भागाचा क्रमांक सांगायचा, म्हणजे मागे राहिलेल्याला शोधता येतं. ज्यांना डोळ्यांनी वाचायचंय त्यांनी खुशाल वाचावं. सुप्रभाताची फुलं आणि वाढदिवस यांच्यासाठी वेगळा गट. वाचनाच्या गटात वाचनाशिवाय काही नाही.

शनिवारच्या बैठकीत भाषण नाही. 1947 साली शिकागोत रॉबर्ट हचिन्स आणि मॉर्टिमर ॲडलर यांनी साध्या नोकरदार माणसांत थोर ग्रंथांचं वाचन वाढावं म्हणून ग्रेट बुक्स फाउंडेशन काढलं. त्यांच्या पद्धतीचे नियम मला फार पटलेले आहेत. मजकूर वाचून आलेल्यांनीच चर्चेत बोलायचं, मताला पुस्तकातला आधार द्यायचा, आणि चर्चा चालवणाऱ्यानं फक्त प्रश्न विचारायचे, उत्तरं द्यायची नाहीत. प्रश्नही असा हवा, की ज्याचं उत्तर विचारणाऱ्यालाच नक्की ठाऊक नाही. माझा पहिला प्रश्न अक्कानं परत पाठवला. मी लिहिलं होतं, "आपट्यांची स्त्रीविषयक दृष्टी स्पष्ट करा." ती म्हणाली, "हा किती गुणांना आहे रे?" मग तिनं स्वतः प्रश्न काढला, "यमूची आई सगळं बघते, तरी गप्प का राहते?" त्या एका प्रश्नावर उदगीरची आत्या आणि बेंगळुरूची तिची नात समोरासमोर आल्या.

या नियमात एक भर आमची. उत्तर मराठीत द्या, कन्नडात द्या, मिसळून द्या. दुसऱ्याला कळलं नाही तर शेजारच्यानं सांगायचं. आणि भाग ऐकून झाला नसेल तर त्या दिवशी नुसतं ऐकत बसायचं, त्यात लाज नाही.

सगळं गोडच झालं असं नाही. दोघांनी "प्राध्यापक बोलत नाहीत तर यायचं कशाला" म्हणून येणं सोडलं. मनात मला थोडं बरंही वाटलं, ते इथं कबूल करतो. पुण्याच्या भाच्यानं आपला भाग इतक्या घाईत वाचला, की पुन्हा वाचून घ्यावा लागला. दिवाळीत तीन आठवडे खंड पडला. चौतिसांतले नेमानं येणारे आता चौदा-पंधरा आहेत. पण ते ऐकून आलेले असतात.

आणि त्या शनिवारी वहिनी बोलल्या. कादंबरीत यमू विधवा होते आणि तिचं सक्तीनं केशवपन होतं. तो भाग वाचायची पाळी अक्काची होती. वाचताना तिचा आवाज दोनदा थांबला, तो तसाच ठेवला. बैठकीत बराच वेळ कुणी काही बोलेना. मग नेहमीच्या काळ्या चौकोनाच्या जागी वहिनींचा चेहरा दिसला. त्या कन्नडातच बोलल्या. त्यांची पणजी अशीच, अकराव्या वर्षी विधवा झालेली, लाल आलवणातली. घरात तिला कामापुरतीच हाक असे. माजघरातल्या एका फडताळात तिनं गळगनाथांच्या कादंबऱ्या लपवून ठेवल्या होत्या आणि दुपारी सगळे झोपले की ती त्या वाचायची. वहिनींच्या आईनं हे पाहिलं होतं. "तुमच्या आपट्यांचं ऐकताना मला तीच दिसली," त्या म्हणाल्या.

गळगनाथ म्हणजे वेंकटेश तिरको कुलकर्णी. हरिभाऊंच्या ऐतिहासिक कादंबऱ्या कन्नडात आणून त्यांनी कन्नड वाचक घडवला. म्हणजे पणजीच्या फडताळातही बहुधा आपटेच होते, कन्नड लिपीतले. अक्का आणि तिची जाऊ बत्तीस वर्षं एका जिन्यानं वरखाली करतात. ही पणजी अक्काला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

वाचकहो, तुमच्या घरात, गल्लीत असा गट असेल आणि तो मरगळला असेल, तर माणसांना बोल लावण्याआधी एवढं करून बघा. घास लहान करा, एकानं वाचा, बाकीच्यांनी ऐका, आणि जो कधीच बोलत नाही त्याला बाजूला घेऊन कारण विचारा. भाषण करणारा कुणी हाताशी असेल तर त्याला घड्याळ सांभाळायला द्या.

सध्या माझ्याकडे तेच काम आहे. मराठी पोथी माघात संपली, समाप्तीला प्रत्येकानं आपापल्या घरी शिरा केला आणि त्याचे फोटो, नियम मोडून, वाचनाच्याच गटात टाकले. आता गुलवाडी वेंकटराव यांची 'इंदिराबाई' लावली आहे. 1899 ची, कन्नडातली पहिली सामाजिक कादंबरी, तिची नायिकाही बालविधवाच. कन्नड डोळ्यांनी वाचता येणारे गटात कमी, म्हणून या पोथीच्या कायमच्या वाचक वहिनी. त्या एक परिच्छेद वाचतात आणि मराठीत अर्थ सांगतात. आम्ही मराठीवाले आता कान देऊन बसतो.

गेल्या शनिवारी ऐकण्याच्या नादात घड्याळाकडे बघायचं मी विसरलो. वहिनींचं वाक्य अर्धं असतानाच पडदा काळा झाला. चहा ठेवावा म्हणून मी उठलो, तोवर फोन वाजायला लागला. बघतो तर दुव्यावर अक्का, आत्या, भालकीचे काका, नात, सगळे पुन्हा आत येऊन बसले होते. "हां, मुंदे हेळू," अक्का जावेला म्हणत होती, "पुढं सांग."