थंडीतल्या निकाहची सजावट: थीम कशी निवडावी?



थंडीचे दिवस आले की घराघरांत निकाहच्या तारखा ठरू लागतात. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो. २०३० साली तर तो जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरअखेरीस, असा दोनदा सुरू होईल. म्हणजे थंडीतल्या तारखांसाठी घाई वाढणार. या घाईत मोबाइलवरचा एखादा फोटो डेकोरेशनवाल्याला दाखवला जातो: पांढरे खांब, कापसाचा बर्फ, परदेशी फुले. बिल मात्र बहुधा मुलीच्या वडिलांच्या हाती पडते. म्हणून आम्हाला वाटते, थीम आधी आपल्या हवामानात आणि ऐपतीत शोधावी.

सुरुवात वेळेपासून करू. डिसेंबरात नागपूरला साडेपाचनंतर आणि मुंबईला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. अस्रनंतर निकाह ठेवला तर मगरिबची जमात मध्येच येते. तेव्हा वजू आणि नमाजची जागा नकाशात आधी आखा, स्टेज नंतर. अंधार लवकर पडत असल्याने खरी सजावट उजेडाचीच असते. पांढऱ्या झगझगीत दिव्यांपेक्षा पिवळसर उजेड थंडीत ऊबदार वाटतो.

थीमसाठी लांब जायला नको. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यातील संगमरवरी जाळी पाहा. तशी नक्षी प्लायवूडच्या फळीत कापून मागे दिवा ठेवला, की साध्या पांढऱ्या कापडावर सुंदर सावली पडते. त्याच शहरातली हिमरू ही सूत आणि रेशमाची, वेलबुट्टीची विणाई. दुल्ह्याच्या खांद्यावर हिमरूची शाल, स्टेजला त्याच शालीतला गडद हिरवा किंवा मरून रंग, एवढ्यात थीम पूर्ण होते. शिवाय शाल पुढे अनेक हिवाळे वापरता येते. फुलांत शेवंती घ्या. ती याच ऋतूची आणि थंडीत चांगली टिकणारी.

विदर्भ, मराठवाडा, खानदेशात रात्री कडाक्याची थंडी असते. उघड्या लॉनवर इशानंतर दव पडते, खुर्च्या ओल्या होतात, म्हणून वर छत हवेच. वायर आणि दिव्यांचे जोडही ओलाव्यापासून जपायला सांगा. चारी बाजूंनी बंद मंडपात कोळशाची शेगडी मात्र ठेवू नका. तिचा विषारी वायू जीव घेऊ शकतो. कोकणात थंडी सौम्य असते. तिथे जड मखमलीपेक्षा हलके कापड बरे.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. सगळी सजावट स्टेजला आणि पुरुषांच्या दालनाला, अन् बायकांच्या भागात दोन ट्यूबलाइट, असे करू नका. दुल्हन, तिची अम्मी, खाला, लहान लेकरे कितीतरी वेळ तिथेच बसतात. गालिचा, ऊब आणि चांगला उजेड तिकडे आधी पोहोचावा. थीम ठरवताना मुलीलाही विचारा. रंग तिच्या पसंतीचा असेल, तर थोडक्या सजावटीतही तिचे मन रमेल.

आणि हिशेब? बयाणा देण्यापूर्वी दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून सजावटीची रक्कम कागदावर लिहावी. मुलाकडच्यांनी फर्माईश केली, तर तिचा खर्चही त्यांनीच उचलावा. मेहर उधार आणि झुंबर रोखीने, हा हिशेब बरा नव्हे. हजरत सफिया (रजि.) यांच्याशी निकाहानंतर रसूलुल्लाह (स.) यांनी दिलेल्या वलीम्यात खजूर, सुकवलेले दही आणि तूप होते. तो वलीमा आजही आदराने आठवला जातो.

पाहुण्यांना ऊब मिळावी, नमाज वेळेवर व्हावी आणि मुलीच्या बापाला दुसऱ्या दिवशी कर्जाची चिंता नसावी. यंदा ज्यांच्या घरी निकाह आहे, त्यांना अल्लाह बरकत देवो. आमीन.