प्रोस्टेट कर्करोग : शस्त्रक्रियेनंतरचे भाकीत किती खरे?

प्रोस्टेट ग्रंथी काढून टाकल्यानंतर रुग्णाच्या कुटुंबीयांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. 'आजार पुन्हा उलटणार तर नाही ना?' कर्करोग ग्रंथीच्या आवरणाबाहेर किंवा शेजारच्या शुक्राशयापर्यंत पोहोचला असेल, म्हणजेच 'टी-३' अवस्थेत असेल, तर उत्तर देणे अधिकच अवघड होते. एकेकाळी अशा रुग्णांवर शस्त्रक्रिया करणे टाळले जाई. ही भूमिका बदलण्यास अनुभवाचे आकडे कारणीभूत ठरले.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९८७ ते १९९७ या काळात शस्त्रक्रिया झालेल्या या अवस्थेतील ८४२ रुग्णांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला. पंधरा वर्षांच्या टप्प्यावर, केवळ या कर्करोगाने होणारे मृत्यू जमेस धरता, जगण्याचे प्रमाण ७९ टक्के होते. अर्थात, यातील अनेकांना अन्य उपचारांचीही जोड मिळाली होती. २७ टक्के रुग्णांत तर आजार ग्रंथीपुरताच मर्यादित असल्याचे नंतरच्या तपासणीत आढळले. म्हणजे, शस्त्रक्रियेपूर्वीचा अंदाजच चुकला होता.

अंदाज अचूक व्हावा यासाठी गेल्या तीन दशकांत अनेक कोष्टके तयार झाली. १९९३ मधील 'पार्टिन' कोष्टके आणि १९९८ मधील 'कॅटन' आलेख ही त्यातील ठळक नावे. २०११ मध्ये आलेली 'काप्रा-एस' ही गुणपद्धती शस्त्रक्रियेनंतर वापरली जाते. रक्तातील पीएसएची पातळी, पेशींची आक्रमकता दाखविणारा ग्लिसन गुणांक, कापलेल्या कडेवर कर्करोग उरला आहे का, आवरण, शुक्राशय व लसीका ग्रंथी यांची स्थिती अशा सहा बाबींवरून शून्य ते बारा गुण दिले जातात. गुण जितके जास्त, तितका धोका अधिक.

मात्र, धोका नेमका कशाचा, हे समजून घ्यायला हवे. बहुतेक कोष्टके पीएसए पुन्हा वाढण्याची शक्यता सांगतात, मृत्यूची नव्हे. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या १९९९ मधील अभ्यासात, पीएसए वाढल्यापासून कर्करोग शरीरात अन्यत्र पसरेपर्यंत मध्यमानाने आठ वर्षे लागल्याचे दिसले. 'पीएसए वाढले' हा निरोप म्हणजे अखेरची घंटा नव्हे, तो यावरून.

मग या भाकिताचा उपयोग काय? शस्त्रक्रियेनंतर लगेच किरणोपचार द्यायचे की वाट पाहायची, हा निर्णय त्यावर अवलंबून असतो. रॅडिकल्स, रेव्हज आणि गेतुग-१७ या तीन चाचण्यांचे २०२० मध्ये जाहीर झालेले निष्कर्ष पाहता, पीएसए वाढू लागताच किरणोपचार दिले तरी सर्वसाधारणपणे निकाल तितकाच चांगला असतो. त्यामुळे अनेकांची अनावश्यक किरणोपचारांतून व त्यांच्या दुष्परिणामांतून सुटका होऊ शकते. तथापि, अतिजोखमीच्या रुग्णांचा या चाचण्यांतील सहभाग कमी होता. त्यांच्याबाबत गुणांकाचे महत्त्व कायम राहते.

येथेच भारतीय रुग्णांचा प्रश्न उपस्थित होतो. वाट पाहण्याचे धोरण नियमित पीएसए तपासणीवर उभे आहे. तपासणी चुकली, तर 'वाट पाहणे' आणि 'दुर्लक्ष करणे' यांत फरक उरत नाही. गाव सोडून मोठ्या शहरात शस्त्रक्रियेसाठी आलेला रुग्ण घरी परतल्यावर पुन्हा येईलच, याची खात्री कोण देणार? शिवाय, ही कोष्टके मुख्यतः अमेरिकी रुग्णांच्या नोंदींवर बेतलेली आहेत. येथील रुग्णांना ती जशीच्या तशी लागू होतील, असे गृहीत धरणे धाडसाचे ठरेल. त्यासाठी आपल्या रुग्णालयांनी स्वतःच्या नोंदी वर्षानुवर्षे जपायला हव्यात.

टक्केवारी समूहाची असते, आजार एकट्याचा. 'शंभरातील सत्तर' म्हटल्याने आपण सत्तरांत की तिसांत, हे कळत नाही. परंतु पुढील तपासणी कधी आणि उपचार केव्हा, हे ठरविण्यास तो आकडा पुरेसा असतो. डॉक्टरांनी तो स्पष्ट सांगावा आणि रुग्णाने तपासणीची तारीख चुकवू नये, एवढे झाले तरी या भाकिताचे चीज होईल.