मुखपृष्ठावरून भांडणारी माणसं वेडी नसतात

मंडळी, आजचा विषय लांबचा आहे, थेट अमेरिकेतला. पण शेवटपर्यंत वाचा, कारण तो आता आपल्या गल्लीतही पोचलाय.

'स्ट्रेंजर थिंग्ज' ही मालिका ज्यांनी पाहिली त्यांना तळघरात टेबलाभोवती बसून खेळणारी ती चार पोरं आठवत असतील. त्यांचा खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली आणला. यात सोंगट्यांचा पट असलाच पाहिजे असं नाही, स्क्रीन तर नाहीच. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि तलवारीचा वार लागला की हुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. हातात असतात ती नियमांची जाडजूड पुस्तकं.

आता या पुस्तकांवरच्या चित्रांवरून चाहते गेली कित्येक वर्षं भांडतायत. जुनं मुखपृष्ठ चांगलं की नवं, हा ड्रॅगन असा का काढला, हे चित्र माणसाने काढलं की मशीनने. बाहेरच्याला वाटेल, रिकामटेकडे लोक आहेत. मला तसं वाटत नाही.

का ते सांगतो. सगळा खेळ डोक्यात चालतो. पाच जण बसले तर पाच जणांच्या डोक्यात पाच वेगळ्या गुहा. त्या सगळ्यांनी मिळून पाहिलेलं एकच चित्र असतं, ते म्हणजे पुस्तकावरचं. त्या जगात शिरायचं दारच ते. दार बदललं की आतली माणसं बोलणारच.

१९७८ च्या 'प्लेअर्स हँडबुक'चं मुखपृष्ठ बघा. मोठी थोरली दगडी मूर्ती, तिच्यावर चढून दोन चोर डोळ्यातलं रत्न उपटतायत, आणि खाली बाकीची मंडळी लढाईनंतरच्या आवराआवरीत. हिरो छाती काढून उभा नाही, कोणी आरोळी ठोकत नाही. हे लोक चोऱ्यामाऱ्या करणारे आहेत, जीव मुठीत धरून आलेत, हे एका नजरेत कळतं. १९८३ साली तेच पुस्तक जेफ ईस्ली यांच्या नव्या मुखपृष्ठासह आलं, त्यात जादूगार होता. ईस्ली हे मोठेच चित्रकार, पण जुने खेळाडू आजही त्या मूर्तीवर जीव टाकतात.

ते मूर्तीचं चित्र काढलं डेव्हिड ट्रॅम्पियर यांनी. याच खेळाच्या 'ड्रॅगन' मासिकात त्यांची 'वर्मी' नावाची चित्रकथाही यायची. १९८८ मध्ये ती मध्येच थांबली आणि हा माणूस या धंद्यातून नाहीसाच झाला. वारले असतील असंच कित्येकांनी धरून चाललं. मग २००२ च्या सुमारास इलिनॉयमधल्या कार्बनडेल गावच्या विद्यार्थी वर्तमानपत्रात एका टॅक्सीवाल्यावर लेख आला. नाव आणि फोटो बघून चाहत्यांनी ओळखलं, अरे, हे तर ट्रॅम्पियर! २०१४ मध्ये ते गेले, वय ५९.

त्यांनी हा धंदा का सोडला याचा निवाडा मी करणार नाही, तो त्यांचा प्रश्न. पण मला बातमीदार म्हणून एक गोष्ट खुपते. चित्र घराघरांत, आणि चित्रकार कुठे आहे हे कोणालाच माहीत नाही. आणि त्याला शेवटी ओळखलं कोणी? चाहत्यांनी. ज्यांना आपण रिकामटेकडे म्हणतो, त्यांनीच त्याचं नाव इतकी वर्षं लक्षात ठेवलं होतं.

चाहत्यांच्या बोलण्याने चित्रं बदललीही आहेत. कित्येक वर्षं या चित्रांतल्या लढवय्या बायका म्हणजे अंगावर चिलखताचे दोन तुकडे. असल्या कपड्यांत ड्रॅगनशी लढायचं कसं, असं खेळणाऱ्या बायका विचारत राहिल्या. २०१४ च्या 'प्लेअर्स हँडबुक'वर टायलर जेकबसन यांनी आगीच्या राक्षसावर झेप घेणारी जादूगारीण काढली, ती नीट कपड्यांत आहे. यावरही कुरकुर करणारे निघाले. निघू देत. चित्र कोणासाठी काढलंय, हा वाद व्हायलाच हवा.

आता अलीकडचं. ऑगस्ट २०२३. 'ग्लोरी ऑफ द जायंट्स' हे राक्षसांवरचं पुस्तक येत होतं. आतल्या काही चित्रांचे तपशील चाहत्यांना विचित्र वाटले. विचारणा सुरू झाली, आणि चित्रकाराने कबूल केलं की काही भाग एआय वापरून केलाय. कंपनी म्हणजे 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट', 'हॅस्ब्रो'च्या मालकीची. यापुढे चित्रकारांनी एआय वापरू नये असा नियम कंपनीला जाहीर करावा लागला.

जानेवारी २०२४ मध्ये याच कंपनीच्या 'मॅजिक' या पत्त्यांच्या खेळाची जाहिरात आली. लोक म्हणाले, चित्राची पार्श्वभूमी एआयची आहे. कंपनी आधी म्हणाली, छे, माणसानेच केलंय. दोन-चार दिवसांत शब्द मागे घ्यावे लागले, एआयचे काही भाग आत आले होते. आदल्याच महिन्यात, डिसेंबर २०२३ मध्ये, हॅस्ब्रोने ११०० लोकांना कामावरून कमी करायचं जाहीर केलं होतं. आता सांगा, लोकांचा राग निव्वळ चित्रावर होता का?

पण नाण्याची दुसरी बाजूही लिहायलाच पाहिजे, नाहीतर पत्रकारिता कसली? त्याच डिसेंबरमध्ये नव्या 'प्लेअर्स हँडबुक'साठी काढलेल्या एका बुटक्या योद्ध्याच्या चित्रावर 'हे एआय आहे' असा आरोप झाला. कंपनीने चित्रकाराशी बोलून सांगितलं, चित्र माणसानेच काढलंय. आरोप करणाऱ्याला माघार घ्यावी लागली. पण एक-दोन दिवस त्या चित्रकाराच्या जिवाला काय वाटलं असेल? आयुष्यभर हात घासून शिकलेली कला, आणि कोणीतरी म्हणतो, ही तुझी नाहीच. वाचवायला निघाले चित्रकाराला, आणि दगड लागला चित्रकारालाच. राक्षसांच्या पुस्तकातल्या चित्रकाराचं नाव मी वर लिहिलेलं नाही ते याचसाठी. नियम नव्हता तेव्हा त्याने काम केलं, आणि विचारल्यावर लपवलं नाही. जबाबदारी छापणाऱ्याची आधी.

माझं मत सरळ आहे. चित्र कोणी काढलं आणि कसं काढलं, हे जाणून घेण्याचा हक्क विकत घेणाऱ्याला आहे. ते छापणाऱ्याने आपणहून सांगावं, पकडलं गेल्यावर नाही. आणि आपल्याला संशय आला तर आधी विचारावं, मग बोंब मारावी.

आता आपल्या गल्लीत येऊ. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठं बघून दिवाळी अंक उचलणारी पिढी अजून आपल्या घरात आहे. त्यांना चित्रकाराचं नाव विचारावं लागत नाही, चित्र बघून ओळखतात. दुकानाची पाटी रंगवणारा पेंटरसुद्धा खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात आपलं नाव टाकायचा. मग फ्लेक्स आले. शुभेच्छुकांचे पन्नास चेहरे, पण बनवणाऱ्याचं नाव नाही. आता तर फ्लेक्सवरचे मावळे, पुस्तकांची मुखपृष्ठं, कार्यक्रमपत्रिका, सगळं दोन मिनिटांत मशीनकडून. महाराजांच्या हाताला सहा बोटं असली तरी कोणी विचारत नाही, लाइक करून पुढे.

मशीन वापरूच नका असं मी म्हणत नाही. छोट्या मंडळाकडे पैसे नसतात, मला कळतं. पण पुस्तक पैसे घेऊन विकताय, तर आत एक ओळ छापा, मुखपृष्ठ अमुक यांचं, किंवा मुखपृष्ठ एआयचं. एका ओळीला कितीसा खर्च येतो?

आणि आपण वाचकांनी ती ओळ शोधायची सवय लावू या. यंदा दिवाळी अंक हातात घेतलात की आधी आतलं पान उघडा आणि मुखपृष्ठकाराचं नाव बघा. आवडलं तर त्याला कळवा. नावच नसेल तर संपादकांना फोन करून विचारा. शांतपणे विचारा, पण विचारा.